माळी आणि खालमानीचा रंग

उंच डोंगरांच्या पलीकडे, जिथे आंबा कुणी पाहिलेला नाही आणि पौषात अंगणातला बर्फ फावड्याने लोटावा लागतो, अशा एका गावात एक माळी राहत होता. त्याला बायको होती आणि एक मुलगी होती. बाग मात्र खऱ्या अर्थाने बायकोची होती. माळी खणायचा, कुंपण बांधायचा, ओढ्याचे पाणी आणायचा. पण कुठल्या झाडाला काय हवे आहे ते माळिणीला कळायचे.

त्या गावात एक फूल होते. शहाणे लोक त्याला हेलेबोर म्हणतात, गावातले लोक खालमानी म्हणत. सगळी झाडे उघडीबोडकी होऊन गप्प बसली की खालमानी बर्फातून वर येते आणि फुलते. फुलते तेही मान खाली घालून. तिचा रंग बघायचा तर माणसाने बर्फात गुडघे टेकायचे, फुलाच्या हनुवटीखाली बोट घालायचे आणि त्याचे तोंड वर करायचे. झाड विषारी, त्यामुळे शेळ्यामेंढ्या त्याच्या वाटेला जात नाहीत, आणि माणसेही त्याला हात लावला की हात धुऊनच भाकरीला बसतात.

आता म्हाताऱ्यांचे गुडघे काही ऐकत नाहीत. म्हणून गावात एक रीत पडली होती. पौष पौर्णिमेच्या सकाळी प्रत्येक घर उंबऱ्याबाहेर कोमट पाण्याची परात ठेवी आणि बागेतली खालमानीची फुले खुडून तिच्यात सोडी. पाण्यावर ठेवली की फुलांची तोंडे आपोआप वर होत. मग सारे गाव दारोदार हिंडून पराती बघे, नावे ठेवी, कौतुक करी आणि थंडीने लाल झालेली नाके घेऊन घरी जाई.

माळिणीच्या परातीपाशी सगळ्यांत जास्त गर्दी व्हायची. तिच्याकडे अक्रोडाच्या झाडाखाली एक खालमानी होती, तशी दुसरी साऱ्या डोंगरात नव्हती. रंग पिकल्या जांभळाचा आणि प्रत्येक पाकळीच्या कडेला दुधाची बारीक रेघ. ती तशी उगवलेली नव्हती, माळिणीने ती घडवली होती. लोकरीच्या कुंचल्याने एका फुलाचे पराग दुसऱ्याला लावायचे, ओळखीसाठी देठाला दोरा बांधायचा, ज्येष्ठात बी तयार झाले की त्याच दिवशी पेरायचे, कारण हे बी डबीत ठेवले की रुसून बसते. मग तीन-चार हिवाळे वाट बघायची. असे करता करता बारा वर्षांनी तिला तो रंग मिळाला होता.

गावातल्या बाया बी मागायला यायच्या. माळीण मूठभर बी पदरात टाकायची आणि प्रत्येकीला तेच सांगायची.

"यातून हीच येईल असं धरून चालू नका हं. संकराचं झाड आहे, त्याची पोरं आपापला रंग घेऊन येतात. आणि पहिल्या वर्षीच्या फुलावरून काही ठरवू नका. तिला आपला रंग सापडायला दोन-तीन हिवाळे लागतात."

बाया "बरं" म्हणायच्या. माळी तिथेच खुरपे घेऊन बसलेला असायचा. त्यानेही हे शंभरदा ऐकले होते, म्हणजे कानांनी ऐकले होते.

रोज सकाळी माळीण मुलीचे तोंड धुऊन द्यायची. ज्या बोटाने फुलाचे तोंड वर करायची त्याच बोटाने मुलीची हनुवटी वर करायची आणि म्हणायची, "बघू, आज काय फुललंय?" मुलगी खुदकन हसायची.

मुलगी सात वर्षांची असताना कार्तिकात माळिणीला ताप भरला आणि आठ दिवसांत ती गेली.

माळ्याला काही सुचेना. तो अंगणात येऊन उभा राहायचा आणि कशाला आलो ते विसरायचा. मग एके दिवशी बर्फ पडू लागला आणि त्याची नजर अक्रोडाखालच्या खालमानीवर गेली. बायकोची वस्तू. तिला थंडी वाजेल. त्याने फावडे घेतले आणि झाडाच्या गळ्यापर्यंत, म्हणजे जिथून देठ फुटतात तिथपर्यंत, माती ओढली, मातीवर पालापाचोळा रचला, पाचोळ्यावर घरातली जुनी घोंगडी टाकली. माया होती, खोटे कसे म्हणू? पण ज्या झाडाला थंडीच मानवते, ज्याचा गळा माळीण दर हिवाळ्यात मोकळा करून द्यायची, त्याला त्याने पुरून टाकले. फाल्गुनात त्याने घोंगडी काढली तेव्हा खाली काळा चिखल होता.

माळी त्या चिखलात हात घालून रडला. मुलगी शेजारी उभी होती.

"बाबा, हे बघा," ती म्हणाली.

झाडाच्या आजूबाजूला, पाचोळा पातळ होता तिथे, दोन-दोन पानांची इवलीशी रोपे वर आली होती. माळिणीने ज्येष्ठात पेरलेले बी. माळ्याने मोजली, चाळीस भरली. त्याचे डोळे पहिल्यांदा कोरडे झाले.

"यातली एक तरी तीच निघेल," तो म्हणाला. "निघालीच पाहिजे."

आणि त्या दिवसापासून माळी त्या चाळीस रोपांवर वाकला तो वाकलाच.

लोक हा माळी म्हणजे कुणी दुष्ट माणूस होता असे करून सांगतात. ते मला पटत नाही. तो दारू प्यायचा नाही, मुलीवर हात उचलायचा नाही. तिला भाकरी वेळेवर मिळायची, लोकरीचा नवा अंगरखा दर हिवाळ्यात मिळायचा. फक्त तिच्याकडे बघायला त्याला सवड नव्हती. सकाळी ती स्वतःच तोंड धुवायची आणि ओले तोंड घेऊन वाफ्यापाशी येऊन उभी राहायची.

"बाबा, माझा दात पडला. बघा ना."

"बघतोय, बोल," माळी म्हणायचा, आणि रोपाच्या पानाखाली गोगलगाय आहे का ते बघत राहायचा.

चौथ्या हिवाळ्यात रोपांना पहिल्यांदा कळ्या आल्या. माळी चार दिवस जेवला नाही. कळ्या उमलल्या तसा तो बर्फात गुडघे टेकून एकेका फुलाचे तोंड वर करत चालला. एक फिकट गुलाबी. एक हिरवट. एक पिवळे, त्यावर तांबडे ठिपके, जणू कुणी कुंकू शिंपडले आहे. एक पांढरेशुभ्र. चाळीस फुले, चाळीस रंग, आणि जांभळाचा एकही नाही.

माळी उठला, त्याने फावडे आणले आणि रोपे उपटायला सुरुवात केली.

मुलगी आता अकरा वर्षांची होती. तिने त्याचा हात धरला. "बाबा, नका ना. आई म्हणायची, पहिल्या वर्षीच्या फुलावरून काही ठरवू नये. थोडे दिवस राहू देत."

"तू केवढीशी होतीस तेव्हा? तुला काय आठवतंय?"

"मला सगळं आठवतंय," मुलगी म्हणाली.

माळ्याने हात सोडवून घेतला. त्यातल्या त्यात गडद अशी दोन रोपे त्याने ठेवली, त्यांचा एकमेकांशी संकर करायचा म्हणून. बाकीची अडतीस ओढ्याकाठच्या ढिगावर नेऊन टाकली. ती बर्फावर पडली, तशी फुललेलीच.

पुन्हा कुंचला, पुन्हा दोरा, पुन्हा ज्येष्ठातली पेरणी, पुन्हा वाट. पौष पौर्णिमा येई, आणि माळ्याच्या दारात नुसत्या पाण्याची परात असे. खरे म्हणजे ज्यांच्या घरी एकही फूल नाही त्यांनी तशी परात ठेवायची असते. लोक येत, रिकाम्या पाण्यात आपलीच तोंडे बघत आणि पुढे जात. कुणी विचारलेच तर माळी म्हणे, "तीच नाही, तर बाकीची कशाला दाखवायची?"

दुसऱ्या पेरणीची रोपे फुलली तेव्हा मुलगी पंधरा वर्षांची झाली होती. या वेळी साठ रोपे होती. माळ्याने साठांची तोंडे वर केली आणि अठ्ठावन्न उपटली. ती पौर्णिमेच्या आदल्या दिवसाची गोष्ट. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी ओढ्याकाठी गेली आणि ढिगावरची फुले ओटीत भरून घेऊन आली. तिने परातीत कोमट पाणी घातले आणि एकेक फूल त्यात सोडले. गुलाबी, करडी, ठिपक्यांची, हिरव्या कडेची. परात काठोकाठ भरली.

शेजारची म्हातारी सगळ्यांत आधी आली. ती बराच वेळ परातीकडे बघत राहिली आणि तिने डोळ्याला पदर लावला.

"आज तुझी आई घरी असल्यासारखं वाटलं गं पोरी," ती म्हणाली.

हां हां म्हणता दारात गर्दी झाली. आवाज ऐकून माळी बागेतून आला. त्याने परात पाहिली, गर्दी पाहिली. कुणी त्याला म्हणाले, "माळीबुवा, इतकी सुंदर फुलं, आणि आम्हाला कधी दाखवली नाहीत." माळ्याने वाकून परातीचा काठ धरला आणि परात उलटी केली. पाणी लोकांच्या पायांवरून वाहत गेले.

"यात तिचं काय आहे?" तो म्हणाला. "एकाही फुलात तिचं काही नाही."

मुलगी उंबऱ्यात उभी होती. "माझ्यातही नाही ना, बाबा?" तिने विचारले.

माळ्याने तेव्हा फक्त "आहे गं" म्हणायचे होते. दुसरे काहीही चालले असते, अगदी रागावला असता तरी चालले असते. पण तो फुले गोळा करून ढिगाकडे चालायला लागला होता. त्याला प्रश्न ऐकू आला की नाही, कोण जाणे. मुलीने पालथी परात उचलली, पुसली आणि भिंतीशी उभी करून ठेवली. पुन्हा कधी तिने ती भरली नाही.

तिसऱ्या पेरणीच्या वेळी ती एकोणीस वर्षांची होती. खिंडीपलीकडच्या गावातल्या एका मेंढपाळाने तिला मागणी घातली. माळ्याने होकार दिला. फाल्गुनात खिंड उघडताच लग्न लागले, कसेबसे, कारण फुले तपासायचे दिवस अजून सरले नव्हते. पाठवणीच्या सकाळी माळी वाफ्यातच होता. उपटलेल्या रोपांची पाटी त्याच्या शेजारी भरलेली होती.

मुलगी नवी शाल पांघरून त्याच्या मागे येऊन उभी राहिली.

"बाबा, निघते मी."

"नीट जा. खिंडीत जपून."

"बाबा, एकदा माझ्याकडे बघा ना."

"बघतोय, बोल," माळी म्हणाला. त्याच्या बोटावर एका फुलाची हनुवटी होती.

मुलीने पाटीकडे पाहिले. "यातलं एक नेऊ का मी? तुम्ही ढिगावर टाकणारच आहात."

"ने की. कचराच आहे तो."

तिने वरचेच एक रोप उचलले. मळकट तपकिरी फूल होते त्याचे, वाळलेल्या पानासारखे, ज्याच्याकडे कुणी दुसऱ्यांदा बघणार नाही असे. तिने त्याची मुळे ओल्या फडक्यात बांधली, पोटाशी धरली आणि ती निघून गेली. माळ्याने मान वर केली तेव्हा अंगणातल्या बर्फात फक्त पावले उरली होती.

पहिल्या वर्षी मेंढपाळांबरोबर निरोप आला. मुलगी झाली आहे, या बघायला. माळी म्हणाला, "एवढी पेरणी होऊ दे." पुढच्या वर्षी आला. नात चालायला लागली आहे, तुमची आठवण काढते. नातीने त्याला पाहिलेही नव्हते, तरी आठवण काढत होती. घरात कुणीतरी त्याच्याविषयी बोलत असणार. माळी म्हणाला, "कळ्या येऊ देत." नंतर एकदा निरोप आला की बाबांना सांगा, तुम्ही दिलेल्या रोपाचा रंग बदलला आहे, येऊन बघा. माळ्याने निरोप आणणाऱ्यालाच विचारले, "कुठलं रोप? मी कुणाला रोप दिलं?" त्याला खरोखरच आठवत नव्हते.

चौथी पेरणी फुलली, उपटली गेली. पाचवी पेरणी वाढत होती. माळ्याचे केस पांढरे झाले, पाठ वाकली, आणि आता उभा राहिला तरी तो वाकलेलाच दिसे. पण पाचव्या पेरणीवर त्याचा भरवसा होता. पाने गडद होती, देठ जांभळट होते. देठ जांभळट म्हणजे फूल जांभळे, एवढे त्याला आता कळायला लागले होते.

त्या वर्षी कार्तिकात जावई स्वतः आला. बूटही न काढता तो अंगणात उभा राहिला.

"ती आजारी आहे," तो म्हणाला. "ताप उतरत नाही. तुम्हाला बघायचं म्हणते. खिंड अजून पंधरा दिवस उघडी आहे. चला माझ्याबरोबर."

कार्तिक होता आणि ताप होता. माळ्याने घराकडे पाहिले, काठी कुठे आहे ते आठवले. मग त्याने वाफ्याकडे पाहिले. पानांच्या बुडाशी कळ्यांची टोके दिसायला लागली होती. आता गेलो आणि खिंड बंद झाली तर फाल्गुनापर्यंत परत येता येणार नाही. फुले येतील आणि मी इथे नसेन. ती उमलेल आणि तिचे तोंड वर करायला कुणी नसेल.

"तरुण आहे ती," माळी म्हणाला. "ताप काय, उतरतो. तिला सांग, या वेळी नक्की मिळणार आहे. तिच्या आईचं फूल घेऊनच येतो म्हणावं. खिंड उघडली की पहिल्या दिवशी निघतो."

जावई आल्या पावली परत गेला. ही गोष्ट मी कितीदा तरी सांगितली आहे, आणि दर वेळी इथे आलो की मला वाटते, आता तरी हा काठी उचलेल. तो उचलत नाही.

पौषात कळ्या फुगल्या. माळी रोज सकाळी बर्फ बाजूला करून बघायचा. एके दिवशी त्याला एका पानावर काळी रेघ दिसली. दुसऱ्या दिवशी ती रेघ शिरेशिरेतून पसरली होती आणि शेजारच्या तीन रोपांवर तशाच रेघा उठल्या होत्या. माळिणीच्या वेळी हा रोग एकदाच आला होता, आणि तिने पहिले रोगट रोप दिसताच ते जाळून टाकले होते. माळ्याचा हात होईना. कळीवर आलेली रोपे जाळायची कशी? दोन दिवसांत उमलतील, एकदा रंग बघू, मग जाळू. रोगाने त्याला तेवढी सवड दिली नाही. कळ्या न उमलताच काळ्या पडल्या आणि देठातून मोडल्या. पंधरा दिवसांत वाफा रिकामा झाला. त्याने चिखलात बोट घालून एकेका कळीचे तोंड वर केले, पण काळ्याखाली कुठला रंग होता ते सांगता येण्यासारखे काही राहिले नव्हते.

वीस वर्षे तो त्या एका रंगामागे होता. आता त्याच्याकडे काही नव्हते, शेजाऱ्यांच्या दारात असते तसले एक साधे पांढरे फूलही नव्हते.

फाल्गुनात खिंड उघडली. माळी पहिल्या दिवशी निघाला. त्याने शब्द पाळला, तेवढे म्हणायला हवे. रिकाम्या हातांनी तो दोन दिवस चालला. वाटेत त्याने मनाशी ठरवले होते की पोरीला सांगायचे, फूल काही मिळाले नाही गं, पण मी आलो.

मेंढपाळाच्या घराच्या ओसरीवर विहीणबाई लोकर पिंजत बसल्या होत्या. त्यांनी त्याला ओळखले. त्या उठल्या, पाय धुवायला पाणी दिले, घोंगडी अंथरली. पाहुण्याचे सगळे केले आणि मग समोर बसल्या.

"गेली ती, व्याही," त्या म्हणाल्या. "पौर्णिमेच्या आदल्या दिवशी. रोज विचारायची, बाबा आले का. आम्ही म्हणायचो, खिंड बंद आहे गं, कसे येतील? कार्तिकात उघडी होती, ते काही आम्ही बोललो नाही. तीही बोलली नाही."

माळी घोंगडीवर बसून राहिला. पुढे ठेवलेले दूध गार झाले.

थोड्या वेळाने त्याने मान वळवली, कारण समोर बसलेल्या विहीणबाईंकडे बघवेना. अंगणाच्या कोपऱ्यात, भिंतीच्या सावलीत, खालमानीचे एक झाड होते. घमेल्याएवढे पसरलेले आणि तीस-चाळीस फुलांनी लगडलेले. जुनी पाने कुणीतरी नीट छाटली होती, गळा मोकळा ठेवला होता. माळी उठला. गुडघे टेकले. सवयीने बोट पुढे झाले आणि त्याने एका फुलाचे तोंड वर केले.

रंग जांभळाचा होता. प्रत्येक पाकळीच्या कडेला दुधाची बारीक रेघ होती.

त्याने दुसरे वर केले, तिसरे केले. तोच रंग.

"ते आईचं झाड आहे," मागून आवाज आला. "पहिल्यांदा मातीच्या रंगाचं होतं म्हणे. आई म्हणाली, थांबू या. मग दुसऱ्या हिवाळ्यात थोडं जांभळं झालं, आणि मग असं. आई म्हणायची, आजोबांनी दिलंय मला हे."

सात वर्षांची एक मुलगी तिथे उभी होती. तिचे तोंड नुकतेच धुतलेले होते.

"तुम्हीच आजोबा ना?"

माळ्याने मान डोलावली.

"मग मला एक सांगा," ती त्याच्याशेजारी उकिडवी बसली. हे बोलायचे तिने बरेच दिवस मनात धरून ठेवलेले दिसत होते. "मी आईला विचारायचे, तू माझ्याएवढी असताना कशी होतीस? माझ्यासारखी दिसायचीस का? आई म्हणायची, मला कसं कळणार? ते तुझ्या आजोबांना विचार. इथल्या दुसऱ्या कुणी पाहिलेलं नाही, फक्त त्यांनाच ठाऊक आहे. सांगा ना. आईचेही पुढचे दात असेच पडले होते का? हसली की तिच्या गालाला असंच व्हायचं?"

माळ्याने तोंड उघडले. आपली मुलगी सात वर्षांची होती ते वर्ष त्याला स्पष्ट आठवत होते. चाळीस रोपे होती. पहिल्या ओळीतल्या तिसऱ्या रोपाचे पान गोगलगायीने खाल्ले होते. कुंपणालगतचे रोप बाकीच्यांहून आठ दिवस उशिरा वर आले होते. शेजारी कुणीतरी उभे असायचे, ओल्या तोंडाचे, दाताविषयी काहीतरी म्हणायचे. त्या तोंडाकडे वळायचा त्याने खूप प्रयत्न केला. तिथे काहीच नव्हते.

त्याने हात पुढे केला आणि एका बोटाने नातीची हनुवटी वर केली. त्याला तेवढेच येत होते. नात त्याच्याकडे बघून हसली, दात पडलेल्या जागेतून, आणि उत्तराची वाट बघू लागली. तो बघत राहिला, बघत राहिला. ही तिच्यासारखी होती की नव्हती, ते त्या घरात एकट्या त्यालाच सांगता आले असते.

"आठवत नाही बाळ मला," तो शेवटी म्हणाला.

"असू दे," नात म्हणाली. "आठवलं की सांगा."

माळी तिथेच राहिला, कारण परत जाऊन बघण्यासारखे मागे काही नव्हते. नात रोज सकाळी तोंड धुऊन त्याच्यासमोर येऊन उभी राहायची आणि विचारायची, "आठवलं का, आजोबा?" तो नकारार्थी मान हलवायचा. तिने आठ दिवस विचारले. नवव्या दिवशी ती आली, थोडा वेळ उभी राहिली आणि काही न विचारता खेळायला गेली.

तात्पर्य सांगायचे तर एवढेच: गेलेल्या माणसाचा चेहरा शोधत बसलात, तर समोर उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा बघायचा राहून जाईल, आणि जो कधी बघितलाच नाही, तो नंतर आठवायलाही मिळणार नाही.